फायनान्शियल एड टिकवायची असेल तर: ‘सॅप’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये शिकणारी मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्याकडून हे प्रश्न माझ्याकडे दर जानेवारीत आणि मे-जूनमध्ये येतात. म्हणजे सेमिस्टरचे निकाल लागले की लगेच. फाफसा (फेडरल आर्थिक मदतीचा अर्ज) भरताना घरातले सगळे डोळ्यांत तेल घालून बसतात, पण मिळालेली एड टिकवण्याच्या अटी मात्र एड बंद झाल्याचं पत्र येईपर्यंत वाचल्या जात नाहीत. नियमांचा सांगाडा फेडरल सरकारचा आहे आणि त्यातले बरेच तपशील प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. म्हणून खाली जिथे ‘कॉलेजवर अवलंबून’ असं लिहिलं आहे, तिथे आपल्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचं सॅप धोरण उघडून बघाच.

सॅप म्हणजे नेमकं काय?

सॅटिसफॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस. फेडरल मदत घेणारा विद्यार्थी पदवीकडे पुरेशा वेगानं आणि पुरेशा गुणांनी सरकतोय ना, हे कॉलेजनं ठरावीक काळानं तपासायचं असतं. तपासणी तीन गोष्टींची होते: जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी), घेतलेल्या क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं एकक) पूर्ण केलेल्यांचं प्रमाण (याला ‘पेस’ म्हणतात) आणि पदवी संपवायची कमाल मुदत. तिन्हींत एकाच वेळी पास व्हावं लागतं. जीपीए भरपूर आहे म्हणून पेसची कमतरता चालवून घेतली जात नाही. सध्याची नियमावली १ जुलै २०११ पासून लागू आहे.

पेल ग्रँट (परत न करायचं फेडरल अनुदान) मिळत नाही, फक्त लोन आहे. तरी सॅप लागू होतं का?

हो. पेल ग्रँट, सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं) आणि अनसबसिडाइज्ड (व्याज विद्यार्थ्यावर) लोन, वर्क-स्टडी (कॉलेजमार्फत मिळणारं पगारी काम) या सगळ्यांना लागू होतं. आईवडील जे पॅरेंट प्लस लोन काढतात, तेही मुलाच्या सॅपवरच अवलंबून असतं. हे अनेक पालकांना माहीत नसतं. लोन आपल्या नावावर आहे, आपलं क्रेडिट चांगलं आहे, मग मुलाच्या मार्कांचा काय संबंध, असं त्यांना वाटतं. संबंध आहे.

यंदाचा फाफसा वेळेवर भरला आणि मंजूरही झाला. मग एड बंद कशी होते?

फाफसा घरची आर्थिक स्थिती आणि पात्रता पाहतो. त्यात मार्क विचारत नाहीत. सॅपची तपासणी कॉलेज आपल्या नोंदींवरून वेगळी करतं, वर्षातून निदान एकदा, आणि बरीच कॉलेजं दर सेमिस्टरनंतर. दोन्ही दारं उघडी असतील तरच पैसे येतात.

जीपीए किती लागतो?

फेडरल नियम इतकंच म्हणतो की दोन शैक्षणिक वर्षं संपताना विद्यार्थ्याचं सरासरी ‘सी’ किंवा त्याच्या तोडीचं, किंवा त्या कॉलेजात पदवी मिळण्याच्या अटींशी जुळणारं काम असावं. व्यवहारात बहुतेक कॉलेजं अंडरग्रॅज्युएटला २.० धरतात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी थोडी सवलत असते. ग्रॅज्युएट प्रोग्रॅमला बहुधा ३.० लागतो.

माझा जीपीए ३.४ आहे. तरी ‘एड सस्पेंडेड’ असं पत्र आलं. चूक झाली असेल ना?

बहुधा चूक नाही. पेसमध्ये अडकला असाल. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून आकडे मांडते.

समजा, फॉलमध्ये १५ क्रेडिट घेतले. केमिस्ट्री लॅबसकट ४ क्रेडिटचा कोर्स जड गेला, मध्येच सोडला, ट्रान्सस्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे सोडलेला) आला. उरले ११, सगळे चांगल्या ग्रेडनं पास. स्प्रिंगमध्ये पुन्हा १५ घेतले. त्यातले ४ आणि ३ क्रेडिटचे दोन कोर्स सोडले, ८ पूर्ण झाले. ‘डब्ल्यू’ला ग्रेड पॉइंट नसतो, त्यामुळे जीपीए झळाळत राहिला. पण एड ऑफिस मोजतं असं: घेतले ३०, पूर्ण केले १९. म्हणजे ६३.३ टक्के. लागतात ६७ टक्क्यांच्या आसपास. झालं, पत्र.

उन्हाळ्यात ३ क्रेडिट घेऊन पास झालात तर ३३ पैकी २२, म्हणजे बरोबर ६६.६७ टक्के. अगदी काठावर. धोरणात ‘६६.६७’ छापलंय की ‘६७’, आणि कॉलेज पूर्णांकात बदलतं का, यावर सगळं अडेल. म्हणून अशा वेळी मी ३ ऐवजी ६ क्रेडिट घ्यायला सांगते. मग ३६ पैकी २५, म्हणजे ६९.४ टक्के, आणि कोणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. फक्त, एड बंद असताना त्या उन्हाळ्याची फी आपल्या खिशातून जाईल हे धरून चला.

हा ६७ टक्क्यांचा आकडा आला कुठून?

कमाल मुदतीतून. पदवी तिच्या छापील लांबीच्या १५० टक्क्यांच्या आत संपली पाहिजे. १२० क्रेडिटची पदवी असेल तर जास्तीत जास्त १८० क्रेडिट ‘अटेम्प्ट’ करता, म्हणजे घेता येतात. १८० पैकी १२० पूर्ण व्हायचे तर सतत दोन तृतीयांश वेग लागतो. हे गणित समजलं की बाकीचे बरेच नियम आपोआप उलगडतात. आणखी एक: १८० गाठेपर्यंत कॉलेज थांबत नाही. तेवढ्यात पदवी होणं अशक्य आहे हे गणितानं दिसलं, की त्याच तपासणीत एड थांबते.

ज्या सेमिस्टरला एड घेतलीच नव्हती, तेही मोजतात का?

मोजतात. फी बाबांनी भरली असो वा स्कॉलरशिपनं, त्या प्रोग्रॅममधले सगळे सेमिस्टर हिशेबात येतात. उन्हाळ्याचे वर्गही.

कोर्स जमत नाहीये. ड्रॉप करू, डब्ल्यू घेऊ की एफ येऊ देऊ?

याला एका ओळीत उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आधी तारीख बघा. सेमिस्टरच्या सुरुवातीला ‘ॲड-ड्रॉप’चा काळ असतो. त्यात सोडलेला कोर्स साधारणपणे कुठेच मोजला जात नाही. तो काळ उलटला की सोडलेला कोर्स ‘डब्ल्यू’ होतो: जीपीए वाचतो, पेस घसरतो. ‘एफ’ दोन्ही पाडतो. ‘डी’ मिळवून पास झालात तर पेससाठी कोर्स पूर्ण धरला जातो, जीपीए मात्र खाली येतो, आणि मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) ‘सी’ लागत असेल तर तो कोर्स पुन्हा करावा लागेल.

अकॅडमिक ॲडव्हायझर ‘डब्ल्यू घे, जीपीए सांभाळ’ असं सांगतात तेव्हा ते त्यांच्या बाजूनं खरं सांगत असतात. त्यांच्या नजरेसमोर ट्रान्सस्क्रिप्ट असतं. एड ऑफिस तेच ट्रान्सस्क्रिप्ट दुसऱ्या नजरेनं वाचतं. म्हणून सोडण्याचा फॉर्म भरण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारा. एका मुलीला मी हेच सांगितलं होतं. तिनं एड ऑफिसला दोन ओळींचा ईमेल केला: ‘हा कोर्स सोडला तर माझा पेस किती होईल?’ उत्तरात आकडा आला, ६५ टक्के. तिनं कोर्स सोडला नाही, ट्यूटरिंग सेंटरला जायला लागली आणि ‘सी’ काढला. लेखी आकडा हातात असला की निर्णय सोपा होतो.

एक नाही, सगळेच कोर्स सोडावे लागले तर?

मग सॅपशिवाय दुसरा नियमही लागतो, आणि तो जास्त झोंबतो. सेमिस्टरचा ६० टक्के काळ होण्याआधी पूर्णपणे बाहेर पडलात तर फेडरल मदतीचा फक्त त्या प्रमाणातला भाग तुमचा, बाकीचा परत जातो. कॉलेजनं परत केलेली रक्कम मग कॉलेज तुमच्याकडून मागू शकतं. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ही रेषा साधारण नवव्या आठवड्याच्या शेवटी येते, मधली मोठी सुट्टी वगळून. ६० टक्क्यांपुढे गेल्यावर पूर्ण मदत तुमची. आजारपणासारखी निकड असेल तर अर्थातच तब्येत आधी, पण एका आठवड्याच्या फरकानं हजारो डॉलरचा फरक पडत असेल तर तो आधी माहीत असलेला बरा.

आणि वर्गात जायचं बंद केलं, कोणाला सांगितलं नाही, सगळीकडे एफ आले, तर कॉलेजला तपासावं लागतं की हे एफ परीक्षा देऊन आलेत की गायब राहून. गायब असाल तर तुम्ही कोर्स सोडले असंच धरून हाच हिशेब लागतो.

इन्कम्प्लीटचं काय?

काम अपुरं राहिल्यामुळे लागलेली ‘आय’ (इन्कम्प्लीट) ग्रेड असेपर्यंत ते क्रेडिट बहुतेक ठिकाणी घेतलेल्यांत धरतात, पूर्ण केलेल्यांत नाही. त्यामुळे पेस तात्पुरता घसरतो. ग्रेड लागली की एड ऑफिसला स्वतः कळवा. काही कॉलेजं फेरतपासणी आपोआप करत नाहीत.

नापास झालेला कोर्स पुन्हा घेतला तर एड मिळते?

नापास झालेल्या कोर्ससाठी मिळते. पास झालेला कोर्स ग्रेड सुधारायला पुन्हा घेतला तर फक्त एकदाच मिळते. आणि फेडरल हिशेबात ‘डी’सुद्धा पासच आहे. दर खेपेला ते क्रेडिट घेतलेल्यांत वाढतात, हे विसरू नका. जीपीएमध्ये जुनी ग्रेड जाते की राहते, ते कॉलेजवर अवलंबून.

हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे वर्ग केले होते. ते सॅपमध्ये येतात?

येऊ शकतात, आणि हा प्रश्न मला दर वर्षी वाढत्या संख्येनं येतो. दुसऱ्या कॉलेजातून आलेले जे क्रेडिट तुमच्या पदवीसाठी स्वीकारले जातात, ते घेतलेले आणि पूर्ण केलेले, दोन्हीकडे धरतात. म्हणजे पेसला त्यांची मदतच होते, पण १५० टक्क्यांच्या मर्यादेतली जागा ते खातात. आता खरी अडचण: ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग) ज्या कॉलेजात केलं, त्याच कॉलेजात पुढे प्रवेश घेतला, तर सोळाव्या वर्षी घेतलेला ‘डब्ल्यू’ किंवा ‘एफ’ तिथल्याच नोंदीत बसलेला असतो. हौसेनं तीन-तीन वर्ग घ्यायला लावणाऱ्या पालकांनी हे आधी ध्यानात घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. एपी परीक्षेचे (हायस्कूलमध्ये देतात ती कॉलेजच्या पातळीची परीक्षा) क्रेडिट कसे धरायचे, हे कॉलेजवर अवलंबून.

मेजर बदलला तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं का?

आपोआप नाही. काही कॉलेजं नव्या मेजरला लागू पडणारेच क्रेडिट मोजतात, काही सगळे मोजतात, काही फक्त एकदाच सवलत देतात. धोक्याचं उदाहरण असं: बायॉलॉजीतून कॉम्प्युटर सायन्सकडे वळलेला मुलगा, घेतलेले १४०, पूर्ण १२५. पेस ८९ टक्के, जीपीए उत्तम. पण नव्या मेजरला अजून ४५ क्रेडिट लागतात. १४० अधिक ४५ म्हणजे १८५. मर्यादा १८०. हुशार, मेहनती मुलगाही इथे अडकतो. तिसऱ्या वर्षी मेजर बदलायचा असेल तर आधी ही बेरीज करा. अडकलात तर अपीलचा मार्ग आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वॉर्निंग, सस्पेन्शन, प्रोबेशन यांत फरक काय?

वॉर्निंग म्हणजे पुढच्या एका सेमिस्टरला एड चालू, काही अर्ज करावा लागत नाही, पण तेवढ्यात सुधारायचं. ही सवलत फक्त दर सेमिस्टरनंतर तपासणी करणारी कॉलेजंच देऊ शकतात. वर्षातून एकदा तपासणाऱ्या कॉलेजात वॉर्निंगचा टप्पाच नसतो, थेट एड बंद होते, म्हणजेच सस्पेन्शन. प्रोबेशन अपील मंजूर झाल्यावर मिळतं. तेही एका सेमिस्टरचं, किंवा कॉलेजनं आखून दिलेल्या अकॅडमिक प्लॅनप्रमाणे पुढे चालणारं.

अकॅडमिक प्रोबेशन ही डीनच्या ऑफिसची निराळी गोष्ट आहे. तिथून सुटलात म्हणजे इथूनही सुटलात असं नाही.

अपील कसं लिहायचं?

नियमात तीन कारणं आहेत: नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा दुखापत, आणि इतर विशेष परिस्थिती. पत्रात दोन गोष्टी सांगायच्याच असतात: का घसरलं, आणि आता काय बदललं आहे की पुढच्या तपासणीपर्यंत सुधारेल. दुसरा भाग बहुतेक मुलं लिहीतच नाहीत.

एका मुलाचं पहिलं पत्र माझ्यासमोर आलं ते तीन पानी होतं. आजोबा अत्यवस्थ होते म्हणून तो सेमिस्टरच्या मध्यावर भारतात गेला, तीन आठवडे तिथे राहिला, अंत्यविधीनंतर परतला, दोन वर्गांत नापास झाला. अडीच पानं आजोबांबद्दल होती आणि ती वाचून माझे डोळे भरले. पण अपील वाचणाऱ्या कॉलेजच्या कमिटीला जे हवं होतं, ते शेवटच्या एका ओळीत होतं: ‘यापुढे मी नीट अभ्यास करेन.’ आम्ही ते एका पानावर आणलं. पहिल्या परिच्छेदात तारखा: कधी गेलो, कधी आलो, कोणते वर्ग बुडाले. दुसऱ्यात बदल: घरची परिस्थिती आता स्थिर आहे, नोकरीचे तास आठवड्याला २० वरून १० केले, प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सची वेळ ठरवली. तिसऱ्यात आकडे: पुढच्या सेमिस्टरला १२ क्रेडिट, सगळे पास झाल्यास पेस किती होईल. सोबत विमानाची तिकिटं आणि मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीचा मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, वाचणाऱ्याला तो समजला पाहिजे. अपील मंजूर झालं.

‘आजोबा हे जवळचे नातेवाईक धरत नाहीत’ असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. फेडरल नियमात फक्त ‘नातेवाईक’ असा शब्द आहे, नातं ठरवून दिलेलं नाही. नैराश्य, चिंता यांवरचे उपचारही आजारपणातच येतात. आपल्या घरांमध्ये हे लिहायला संकोच वाटतो. लिहा. समुपदेशकाचं चार ओळींचं पत्र पुरतं, आत काय बोललात ते सांगावं लागत नाही.

‘मला नियम माहीत नव्हता’ किंवा ‘प्रोफेसर वाईट होते’ या कारणांवर पत्र उभं करू नका.

अपील फेटाळलं. वर कुठे दाद मागता येते?

सॅपचा निर्णय कॉलेजचा असतो. शिक्षण खातं तो फिरवत नाही. अपीलची सोय ठेवलीच पाहिजे असंही कॉलेजवर बंधन नाही. नवीन कागद किंवा नवं कारण असेल तर पुन्हा विचारात घेतात का, हे ऑफिसला विचारा. नाहीतर स्वतःच्या पैशानं वर्ग करून आकडे पुन्हा रेषेवर आणणं हाच मार्ग. काही खासगी लोन सॅप न बघता मिळतात, पण त्यांचे व्याजदर आणि अटी नीट वाचा.

एक सेमिस्टर घरी बसलो तर एड परत सुरू होईल?

नाही. रिकाम्या सेमिस्टरनं जीपीए वाढत नाही आणि पेसही. नुसती फी स्वतः भरल्यानंही पात्रता परत येत नाही. त्या वर्गांनी आकडे सुधारले तरच येते.

मुलगा काही सांगत नाही आणि एड ऑफिस माझ्याशी बोलत नाही. फी तर मी भरतो!

१९७४ च्या फर्पा कायद्यानुसार (विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा कायदा) विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कॉलेजात दाखल झाला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा. मुलगा कॉलेजच्या पोर्टलवर संमती देऊ शकतो. तुमच्या टॅक्समध्ये तो डिपेंडंट असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण दिलीच पाहिजे असं नाही. ऑगस्टमध्ये सामान पोचवायला जाता, तेव्हाच दोघं बसून ती संमती भरून टाका. संकटाच्या दिवशी तो विषय काढला की भांडण होतं.

आम्ही एच-१बीवर आहोत. हे सगळं आमच्या मुलांना लागू आहे?

मूल अमेरिकेत जन्मलं असेल तर ते नागरिक आहे. आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही, फेडरल मदत आणि सॅप दोन्ही लागू. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही लागू. एच-४ (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. पण एफ-१ वाल्यांनी कोर्स सोडताना वेगळी काळजी घ्यावी: अंडरग्रॅज्युएटला पूर्णवेळ म्हणजे किमान १२ क्रेडिट, आणि त्याखाली जायचं तर आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी लागते. तिथे पैशांचा नाही, व्हिसाचा प्रश्न येतो.

राज्याच्या स्कॉलरशिपला हेच नियम का?

नाही, आणि बहुधा जास्त कडक. जॉर्जियाच्या होप स्कॉलरशिपला ३.० जीपीए लागतो आणि तो ३०, ६०, ९० क्रेडिट घेऊन झाल्यावर तपासतात. टेक्सस ग्रँट पुढे चालू ठेवायला २.५ जीपीए, वर्षाला २४ क्रेडिट आणि घेतलेल्यांपैकी ७५ टक्के पूर्ण लागतात. फेडरल सॅपमध्ये बसूनही राज्याचे पैसे जाऊ शकतात. कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपची अट ऑफर लेटरमध्येच असते, ते पत्र जपून ठेवा.

मी २००९ मध्ये कम्युनिटी कॉलेज अर्धवट सोडलं होतं, बरेच एफ आहेत. आता मुलं मोठी झाली, परत शिकायचंय. एड मिळेल का?

त्याच कॉलेजात गेलात तर जुन्या नोंदी जिवंत आहेत. काही कॉलेजं ‘अकॅडमिक रिन्यूअल’ देऊन जुन्या ग्रेड जीपीएतून काढतात, पण फेडरल सॅप ती माफी मानत नाही. एड ऑफिस जुने क्रेडिट मोजतंच. इथे अपील मात्र फार चांगलं उभं राहतं, कारण ‘काय बदललं’ याचं उत्तर तुमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांचं आहे: मुलं मोठी झाली, नोकरी केली, वेळ आहे. दुसऱ्या कॉलेजात गेलात तर तिथे स्वीकारलेलेच क्रेडिट हिशेबात येतात, पण जुनं ट्रान्सस्क्रिप्ट लपवू नका, अर्जात सगळी कॉलेजं लिहावी लागतात. प्रवेश घेण्याआधी एड ऑफिसची वेळ मागा, जुनं ट्रान्सस्क्रिप्ट हातात घेऊन जा आणि विचारा: ‘आज माझी सॅपची स्थिती काय आहे, आणि अपील कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं?’ अशा प्रश्नांनी मला पत्र लिहिणाऱ्या बायका कमी नाहीत. त्यांतल्या दोघींना अपीलचं पत्र लिहायला मी बसले होते. दोघींचीही पत्रं एका पानात मावली.